ड्यूटी फ्री की ओव्हरटाइम?

आमच्या पिंपरी-चिंचवडात 'ड्यूटी' या शब्दाला एकच अर्थ आहे. "कुठली ड्यूटी?" असं विचारलं की समोरचा माणूस "फर्स्ट" किंवा "सेकंड" म्हणतो, नाहीतर डोळे चोळत "थर्ड" म्हणतो. इथली लग्नं पंचांगातल्या मुहूर्तावर लागत नाहीत. मुलाच्या मामाची फर्स्ट सुटल्यावर लागतात. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि भोसरीपासून चाकणपर्यंत माणसं घड्याळ बघत नाहीत, कंपनीची बस बघतात. तेव्हा विमानतळावर 'ड्यूटी फ्री' अशी झगझगीत पाटी वाचून आमच्याकडच्या एखाद्या सरळमार्गी माणसाला इथे सुट्टी मिळते असं वाटलं, तर त्यात त्याचा काय दोष?

दुसरा अर्थ जकात. तर जकातीच्या बाबतीत आम्हाला कोणी शिकवायला येऊ नये. आमची नगरपालिका १९७० ची, महापालिका झाली १९८२ साली, आणि ती बाळसं धरून वाढली ती जकातीच्या दुधावर. कारखान्यात जाणारा नटबोल्टसुद्धा नाक्यावर पावती फाडल्याशिवाय गावात शिरत नसे. 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' असं आम्ही पुणेकरांना ऐकवत असू आणि पुणेकर ते न ऐकल्यासारखं करत असत. एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली, तिच्या जागी एलबीटी आला, २०१५ मध्ये तोही बहुतेकांच्या मानेवरून उतरला. पण त्यामुळे दुकानातली एखादी वस्तू स्वस्त झाल्याचं आमच्या सौ.च्या कानावर अजून आलेलं नाही, आणि भावाच्या बाबतीत तिचे कान फार तिखट आहेत. जकात जाते, किंमत राहते. हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावची माणसं विमानतळावरच्या दुकानात शिरली की एवढी भाबडी कशी होतात, हा माझा सवाल आहे.

आणि सवाल करून मी थांबणार नाही. माझं स्पष्ट म्हणणं असं आहे, की त्या अवाढव्य विमानतळावर खरोखर ड्यूटी फ्री अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंतचे पाच-सहा तास. त्याला 'ले-ओव्हर' म्हणतात. त्या वेळात आपल्यावर साहेबाचा हक्क नसतो, सोसायटीचा नसतो, व्याह्यांचा नसतो. जन्मात पहिल्यांदा आपण कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. आणि आपण काय करतो? तेवढेच तास दुकानदाराला आणि लाउंजवाल्याला अर्पण करतो, वर पैसे मोजतो आणि घरी येऊन "काय मजा आली!" म्हणून सांगतो.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाचा आणि परदेशी विमानतळाचा संबंध काय? अहो, संबंध आता सगळ्यांचाच आहे. चाकणहून पूर्वी नुसते कांद्याचे ट्रक निघत, आता त्यांच्या जोडीला इंजिनिअरही निघतात. १९९० च्या दशकात पिंपरीत मर्सिडीज जोडली जाऊ लागली, २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, आणि आमच्या सोसायटीतली मुलं लोणावळ्याला जावं तशी स्टुटगार्टला आणि वोल्फ्सबुर्गला ट्रेनिंगसाठी जाऊ लागली. मुलगा गेला, की वर्षा-दोन वर्षांत सून जाते, आणि त्यानंतर नऊ महिन्यांचा हिशोब करून आई-बाबा जातात. पुण्याहून थेट फ्रँकफर्टला जाणारं विमान २००८ साली सुरू झालं होतं, ते पुढे बंद पडलं. चाकणलाच विमानतळ होणार, असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. त्या भरवशावर जमिनींचे भाव विमानाच्या आधीच आकाशात गेले, आणि २०१६ साली विमानतळ निघाला पुरंदरला. तो अजून निघालेलाच आहे. तेव्हा कुठेही जायचं, तर मधे आखातात नाहीतर आणखी कुठे उतरणं आलं.

आमच्या बँकवाल्या जमातीने तर मधे उतरण्याचं शास्त्रच बनवलं होतं. रजा-प्रवास सवलतीवर दिल्लीहून मदुराईला जायचं, पण वाटेत कोलंबो, क्वालालंपूर आणि सिंगापूर 'लागायचं'. शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांना घेरी आली असती! ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२२ साली निकाल लागला, की ही सवलत देशातल्या देशात, जवळच्या वाटेने जाण्यासाठी आहे. त्यामुळे मी जो दोनदा परदेशी गेलो, तो स्वतःच्या पैशाने, धाकट्या भावाकडे. जाता-येता मिळून चार ले-ओव्हर माझ्या खात्यावर जमा आहेत. माझं बोलणं त्या शिलकेवर आहे, ऐकीव नाही.

आधी दुकानाचा समाचार घेऊ. पहिलं ड्यूटी फ्री दुकान निघालं १९४७ साली, आयर्लंडमधल्या शॅनन विमानतळावर. आपण इकडे इंग्रजांपासून फ्री होत होतो, त्याच वर्षी. त्या वेळची विमानं एका दमात अटलांटिक ओलांडू शकत नसत, ती शॅननला तेल भरायला थांबत. उतारू मंडळी खाली उतरून जांभया देत बसत. ब्रेंडन ओ'रीगन नावाच्या तिथल्या हुशार गृहस्थाच्या डोक्यात आलं, की ही माणसं आयर्लंडात धड आलेलीही नाहीत आणि गेलेलीही नाहीत, मग यांच्याकडून आयर्लंडचा कर कशाला घ्यायचा? माल करमुक्त विकू. झालं! पुढे विमानं इतकी ताकदवान झाली, की शॅननला न थांबता वरून जाऊ लागली, पण दुकानाची कल्पना मात्र खाली राहिली आणि जगभर पसरली. १९८३ साली दुबईला ड्यूटी फ्री उघडलं, तेव्हा त्याची घडी बसवायला माणसं आणली तीही आयर्लंडहूनच. म्हणजे बघा, पूर्वी विमानाची टाकी भरायला थांबत, आता उताऱ्याचा खिसा रिकामा करायला थांबवतात.

आणि थांबवण्याची कला काय वर्णावी! तपासणीतून सुटून, पट्टा कमरेला लावत, बूट हातात घेऊन तुम्ही बाहेर पडता ते सरळ गेटकडे जातच नाही. वाट दुकानातूनच जाते. तीही सरळ नाही, नागमोडी. दोन्ही बाजूंना अत्तरं, मधे चॉकलेटांचे डोंगर, आणि वळणावर एक हसतमुख मुलगी तुमच्या मनगटावर काहीतरी फुसकन उडवते. आपल्याकडे देवळात जाताना फुलवाल्यांच्या रांगेतून जावं लागतं, तसंच. फक्त इथे देव नसतो. या धंद्यात उताऱ्याच्या रिकाम्या वेळाला 'ड्वेल टाइम' म्हणतात आणि तो मिनिटामिनिटाने मोजतात. आपल्याला ज्या वेळाची किंमत नाही, तिला त्यांनी नाव दिलंय, यातच काय ते समजा.

"पण स्वस्त असतं ना!" हा पहिला आक्षेप. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, तेव्हा इथे जरा वही उघडतो. कर ज्या वस्तूवर जबर, तिथेच करमाफीची गंमत. दारू आणि सिगारेट यांच्यावर आपल्याकडे कर जबर, म्हणून बाटली खरोखर स्वस्त पडते, हे मी प्रांजळपणे कबूल करतो. नियमांप्रमाणे ती दोन लिटर आणता येते. पण ती आपल्याकडे उतरल्यावर मुंबईच्या विमानतळावरही मिळते. ती सहा तास काखेत बाळगून, सीलबंद पिशवीला चीर जाईल म्हणून तान्ह्या पोरासारखी सांभाळत आणण्याचं कारण नाही. राहिली चॉकलेटं आणि अत्तरं. त्यांच्यावर मुळात कर बेताचा, आणि विमानतळाला द्यायचा वाटा मात्र मोठा. तो दुकानदार आपल्या पदरचा घालत नाही. त्यातून तुम्ही कार्ड पुढे केलंत, की परकीय चलनाचा अधिभार. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्के असतो, त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी. १० हजारांच्या खरेदीला ३५० अधिक ६३, म्हणजे ४१३ रुपये. ही ड्यूटी कोणत्याच पाटीवर लिहिलेली नसते. आणि ते बिल तुम्ही वेळेवर भरलं नाहीत, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. वर्षाला चाळिसाच्या वर! ठेवीवर पाव टक्का कमी मिळाला म्हणून माझ्या काउंटरवर मूठ आपटणारे गृहस्थ हे व्याज हसत भरतात, कारण ते चॉकलेटाला लागलेलं असतं.

आणि ते तिकोनी चॉकलेट! ते स्वित्झर्लंडचं आहे, त्याचा आकार डोंगरासारखा आहे, सगळं मान्य. पण पिंपरी कॅम्पात कोणत्याही मोठ्या दुकानात जा, इम्पोर्टेड मालाच्या फळीवर ते उभं असतं. मग ते पाच हजार किलोमीटरवरून कशासाठी आणायचं? तर यादी असते म्हणून. इथे खरी ड्यूटी सुरू होते. निघायच्या आधी आठ दिवस वन्सं सहज म्हणतात, "आमच्यासाठी काही आणू नकोस हं, उगीच ओझं." ज्याला मराठी येतं त्याला याचा अर्थ कळतो. साडू अत्तराच्या रिकाम्या बाटलीचा फोटो पाठवतात. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले की "परत कधी येताय?" एवढंच विचारतात, पण डोळ्यांत दोन लिटर दिसतात. मग सहा तासांच्या मुक्कामात माणूस काय करतो? एका हातात यादी, दुसऱ्या हातात टोपली, आणि तोंडाने 'त्यांना दोन, यांना एक, त्यांनी आपल्याला मागच्या वेळी किती दिली होती?' असा जप. हा सेकंड शिफ्टमधला स्टोअरकीपर झाला, प्रवासी कुठला? एवढं करून घरी येताना मोजणी कमी भरतेच. मग टॅक्सी लोणावळ्याला थांबवून वर चिक्कीची पाकिटं घेतात. माझ्या आजवरच्या निरीक्षणाप्रमाणे नातेवाइकांकडे आधी संपते ती चिक्कीच.

आता लाउंज. याचा जन्म १९३९ सालचा, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरचा. एका विमान कंपनीने निवडक बड्या पाहुण्यांसाठी निमंत्रणाची खोली काढली. चार बडी माणसं गर्दीपासून दूर शांत बसावीत, हा हेतू. आज ती शांतता कार्डावर वाटतात. आणि वाटतो कोण? तर आम्ही. म्हणजे बँका. कार्ड विकताना आम्हाला सांगायला शिकवलंय, "सर, लाउंज फ्री आहे." दोन रुपयांचा व्यवहार मशीनवर करायचा आणि आत जायचं. आता 'फ्री'चा जमाखर्च ऐका. तुम्ही आत जाऊन उपमा खाल्लात, की त्याचं माणशी बिल बँकेला येतं. पहिली काही वर्षं बँकांनी ते कौतुकाने भरलं. मग लक्षात आलं, की ग्राहक विमानाने जाण्यासाठी लाउंजमध्ये जात नाहीत, लाउंजमध्ये जाण्यासाठी विमानाने जातात. तेव्हा अटी निघाल्या, मागच्या तिमाहीत अमुक इतकी खरेदी केली असेल तरच पुढच्या तिमाहीत प्रवेश. कुठे ३५ हजार, कुठे ७५ हजार. म्हणजे दोन इडल्या आणि एक वाटी सांबार फुकट मिळवण्यासाठी तीन महिने बाजारहाट करायचा. एवढ्या रकमेत उडुप्याने आम्हाला वर्षभर जेवू घालून वर खुर्ची पुसून दिली असती.

बरं, आत तरी काय? बाहेर गेटपाशी रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी असतात आणि लाउंजच्या दाराशी रांग असते. आत शिरलेला माणूस खुर्ची मिळवतो, ती टिकवतो आणि सौ.ला ताटल्या भरायला पाठवतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे चाकणचा किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. त्याच मातीतला आमचा माणूस लाउंजमध्ये एक सोफा तीन तास लढवतो. पुढे लढवू देत नाहीत. कारण बहुतेक लाउंजांत दोन-तीन तासांचीच मुदत. ले-ओव्हर सहा तासांचा, फुकटेपणा तीन तासांचा. मग हिशोब सुरू होतो. आत्ता गेलो तर जेवण, उशिरा गेलो तर चहा. दोन्ही साधायचं तर मधला काळ कुठे काढायचा? त्या हिशोबात तीन तास जातात. आत गेल्यावर 'वसुली'. भूक नसताना सूप, आवडत नसताना चीज, आणि ते हुमुस नावाचं पिठलं, ज्यात फोडणी द्यायला ते विसरलेत. विमानात पुन्हा जेवण येतं, तेही पैसे भरलेले म्हणून सोडायचं नाही. मग घरी पोचल्यावर "हवापाणी मानवलं नाही" म्हणून दोन दिवस ताक-भात. बिचारी हवा! बिचारं पाणी!

इथे कोणी म्हणेल, की साहेब, दमलेल्या माणसाने टेकायचं नाही का? जरूर टेकावं. कडेवर पोर असलेली एकटी बाई, गुडघे दुखणारे आजी-आजोबा, रात्रभर बसावं लागणारा आजारी माणूस, यांच्यासाठी लाउंज हवाच, आणि त्यांना तो कार्डाच्या रंगावर नव्हे, गरजेवर मिळावा असं माझं मत आहे. गंमत अशी, की खरी गरज असलेला माणूस बहुधा बाहेर जमिनीवरच असतो.

आखातातल्या एका विमानतळावर मला तसा एक भेटला. रात्रीचे दोन वाजले असतील. सौ. बॅगेवर डोकं ठेवून झोपली होती. शेजारी जमिनीवर ब्लँकेटची पिशवी घेऊन एक माणूस बसला होता, निजामाबादकडचा, सेंटरिंगच्या कामावरचा. दर दहा मिनिटांनी उठून तो फलकाकडे बघून यायचा. शेवटी त्याने मलाच विचारलं, "साब, गेट बदला तो नहीं ना?" कारण मागच्या खेपेला गेट बदललं होतं आणि त्याला कळलं नव्हतं. मी म्हटलं, बसा, मी बघतो. मग बोलणं निघालं. मी बँकेत आहे कळल्यावर त्याने पाकिटातून घड्या घातलेल्या पावत्या काढल्या. सात वर्षांची कमाई हा भला माणूस गावातल्या जुन्या साध्या खात्यात पाठवत होता. अनिवासी माणसासाठी एनआरई खातं असतं, त्यातल्या ठेवीच्या व्याजावर आपल्याकडे आयकर नसतो, हे त्याला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या बोर्डिंग पासच्या पाठीवर सगळं लिहून दिलं. कुठे जायचं, काय मागायचं, कोणते कागद न्यायचे. त्याने मला खिशातला खजूर दिला. आम्ही दोघांनी तो खाल्ला, बाजूच्या नळाचं गार पाणी प्यायलो, आणि मग काचेतून विमानात सामान चढवणारी माणसं बघत बसलो. तिथेही थर्ड शिफ्टच चालू होती.

ते काम मी रोज सहा तास काउंटरवर करतो आणि कंटाळतो. त्या रात्री नाही कंटाळलो. तेव्हा माझ्या वेळेवर कोणाचा हुकूम नव्हता, एवढाच फरक. आणि तिथून पन्नास पावलांवर ते सबंध दुकान ड्यूटी फ्रीच्या दिव्यांनी लखलखत होतं!

म्हणून माझं सांगणं आहे, की पुढच्या वेळी ते सहा तास कोणाला विकू नका. फिरा. सगळं जग तुमच्या समोरून चपला घासत चाललेलं असतं, ते बघा. सिंगापूरला मुक्काम लांब असेल तर विमानतळवालेच परगावच्या उताऱ्यांना फुकट शहर दाखवून आणतात, तिथे फुलपाखरांची बागही आहे, चौकशी करा. काही नाही सुचलं तर नुसते बसा. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला नुसतं बसता येत नाही, त्याला वाटतं मशीन बंद पडलं. बंद पडू दे की! नातेवाइकांना सांगा, की विमान उशिरा आलं आणि दुकान बंद होतं. ती दुकानं बंद नसतात हे वन्संनाही माहीत असतं, पण आपल्या चिक्कीवर त्यांचा राग नाही.

हे सगळं मी आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत बोलून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅनेजरसाहेबही म्हणाले, "पटलं." आणि मग त्यांनी माझ्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा ठेवला. तेव्हा वाचकहो, एवढं वाचूनही कोणाला लाउंजचं कार्ड हवंच असेल, तर फॉर्म माझ्याच काउंटरवर मिळतो. जरा लवकर या. मार्चअखेर जवळ आलीय, आणि माझी चौदा कार्डं अजून बाकी आहेत.